आधी पाणी, मग केमो

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी, त्यातली साखर, फॉस्फेट, मॅग्नेशियम, शरीराला हवे असलेले सगळे क्षार बारीक नलिकांमधून पुन्हा रक्तात घेतले जातात. गाळणे हे एक काम आणि गाळलेल्यातून कामाचे परत उचलणे हे दुसरे. कॅन्सरवरची औषधे बहुतेक वेळा या दुसऱ्या कामावर घाला घालतात. पाणी परत शोषले गेले की नलिकेत उरलेल्या थोड्याशा द्रवात औषधाची तीव्रता रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. शिवाय काही औषधे तर नलिकेच्या पेशी स्वतःच आत ओढून घेतात.

प्रत्येक मूत्रपिंडात गाळण्याची साधारण दहा लाख एकके असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. ती सगळी बाळ पोटात असतानाच, गरोदरपणाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास बनून पूर्ण होतात. त्यानंतर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. गेला तो गेला. चार वर्षांच्या मुलाचा रक्ताचा कॅन्सर बरा झाला, तर उरलेल्या नेफ्रॉनवर त्याला पुढची साठ-सत्तर वर्षे काढायची असतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले आज बरी होतात. मुंबईतील टाटा मेमोरिअलसारख्या केंद्रांमधूनही दरवर्षी अनेक मुले बरी होऊन घरी जातात. मूल जगेल का, एवढाच प्रश्न होता तेव्हा मूत्रपिंडाचा विचार मागे पडत असे. आता तो उपचारांच्या पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

हे नुकसान टाळण्याची साधने आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत: सलाईन, मापाचे भांडे, घड्याळ, लघवीत बुडवायची रंगीत पट्टी. अवघड असते ते त्यांचा क्रम न चुकवणे.

पहिला धोका बहुधा केमोथेरपीच्या यशातूनच उभा राहतो. बर्किट लिम्फोमासारखी गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये काही मुलांच्या पांढऱ्या पेशींची संख्या लाखांवर गेलेली असते. अशा पेशींवर औषधाचा पहिला डोस पडला की त्या एकदम फुटतात आणि त्यांच्या पोटातला सगळा माल रक्तात ओतला जातो: पोटॅशियम, फॉस्फेट आणि जनुकद्रव्य मोडून तयार होणारे यूरिक आम्ल. यालाच ट्यूमर लायसिस म्हणतात. यूरिक आम्लाचे आणि कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक नलिकांत अडकतात, लघवी घटते आणि मग पोटॅशियम बाहेर टाकायला वाटच उरत नाही. वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. हे सगळे पहिल्या तीन दिवसांत, कधी काही तासांत घडते. केमो सुरू होण्याआधीच काही मुलांमध्ये त्याची सुरुवात झालेली असते.

उपाय पाण्यापासून सुरू होतो. अशा मुलाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण तीन लिटर द्रव सलाईनमधून दिले जाते. १८ किलो वजनाच्या मुलासाठी हे सव्वादोन लिटरच्या आसपास येते, म्हणजे एरवीच्या गरजेच्या दीडपट. या सलाईनमध्ये पोटॅशियम घालायचे नसते. आत किती गेले याइतकेच बाहेर किती आले हे मोजायचे असते. याच मुलाला तासाला सत्तरएक मिलिलिटर लघवी व्हायला हवी. म्हणून बालकर्करोग विभागात आईच्या हातात मापाचे भांडे दिले जाते आणि लहान बाळांचे डायपर वजनकाट्यावर ठेवले जातात. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, असा हा सोपा हिशेब. रात्री दोन वाजता झालेली लघवी न मोजता ओतून दिली, तर सकाळच्या फेरीत डॉक्टरांसमोरचा आकडा खोटा ठरतो. या कामात आई ही परिचारिकेइतकीच महत्त्वाची असते आणि तिला तसे स्पष्ट सांगणाऱ्या वॉर्डातल्या नोंदी चोख असतात.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची महाराष्ट्रातली रीत इथे अडचणीची ठरते. एका शहाळ्यात एका केळ्याहून जास्त पोटॅशियम असू शकते. पहिल्या आठवड्यात, पेशी फुटत असताना, हे पाणी मुलाला देणे धोक्याचे. पुढे बुरशीवरचे एखादे इंजेक्शन सुरू झाले आणि पोटॅशियम घसरू लागले की तेच शहाळे डॉक्टर मुद्दाम प्यायला सांगतील. ‘शहाळे चांगले की वाईट’ हा प्रश्नच इथे चुकीचा; कोणत्या आठवड्यात, हे विचारायला हवे.

यूरिक आम्लासाठी दोन औषधे आहेत. पहिले अ‍ॅलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ते शोधले, अमेरिकेत ते १९६६मध्ये वापरात आले आणि या दोघांना १९८८मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. यातली गंमत अशी की अ‍ॅलोप्युरिनॉलचा मूळ हेतू मूत्रपिंडाचा नव्हताच. एलियन यांच्याच ६-मर्कॅप्टोप्युरिन या कॅन्सरवरच्या गोळीची शरीरात होणारी मोडतोड थांबवावी, म्हणून त्याचा विचार सुरू झाला. रक्ताच्या कॅन्सरची मुले हीच गोळी आजही दीड-दोन वर्षे घरी घेतात. ती चालू असताना कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिले, तर तिचा डोस चतुर्थांश ते तृतीयांशावर आणावा लागतो, नाहीतर मज्जा कोलमडते.

अ‍ॅलोप्युरिनॉल नवे यूरिक आम्ल बनू देत नाही. बनलेल्याला ते हात लावत नाही. ते काम रासब्युरिकेजचे. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिक आम्ल मोडणारे विकर असते, माणसाने आणि वानरकुळाने ते उत्क्रांतीत गमावले. अ‍ॅस्परजिलस या बुरशीतले त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून हे औषध तयार केले जाते आणि काही तासांत ते यूरिक आम्ल खाली आणते. महाग आहे, म्हणून भारतात अनेक ठिकाणी पाच दिवसांऐवजी एकच लहान डोस देऊन पुढचा निर्णय तपासणीवर सोडतात, आणि बहुतेक मुलांना तेवढा पुरतो. मात्र जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या मुलात या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. हा दोष पारशी आणि काही आदिवासी समाजांत अधिक आढळतो. म्हणून कुटुंबात कुणाला एखाद्या औषधानंतर कावीळ किंवा काळी लघवी झाली होती का, हे आधी विचारायचे असते. पूर्वी यूरिक आम्ल विरघळावे म्हणून सर्रास सोडा दिला जाई. त्याने कॅल्शियम फॉस्फेट मात्र नलिकांत साचते, हे लक्षात आल्यावर ट्यूमर लायसिससाठी ती पद्धत मागे पडली.

मूत्रपिंड किती काम करते हे पाहायला रक्तातले क्रिएटिनिन तपासतात, आणि इथे एक साधी चूक वारंवार होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. मुलाचे स्नायू लहान, म्हणून त्याचे क्रिएटिनिनही कमी. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर मात्र प्रौढांची ०.६ ते १.२ ही मर्यादा छापलेली असते. जॉर्ज श्वार्ट्झ यांनी २००९मध्ये सुधारलेले सूत्र सांगते की मुलाची सेंटिमीटरमधली उंची ०.४१३ने गुणून क्रिएटिनिनने भागावी. १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.४ असेल तर उत्तर १०३ येते, म्हणजे मूत्रपिंड ठीक. तेच ०.८ झाले तर उत्तर ५२. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आलेले असताना गाळण्याची निम्मी ताकद गेलेली असते. कुपोषित मुलात तर स्नायू इतके कमी असतात की हे सूत्रही मूत्रपिंडाला उगाच शाबासकी देते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा मुलाचा स्वतःचा आधीचा आकडा महत्त्वाचा. दोन दिवसांत ०.३ची वाढ किंवा आठवड्यात दीडपट, एवढे झाले की मूत्रपिंडाला इजा झाली असे समजतात. पहिल्या केमोआधीचा रिपोर्ट हरवला, तर ही तुलनाच करता येत नाही.

मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसात पाण्याला घड्याळाची जोड लागते. या औषधाच्या कुळाशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७-४८मध्ये मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ज्या अमिनॉप्टेरिनचा प्रयोग केला, ते लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार झाले होते. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते दर चौरस मीटरला ३ ते ५ ग्रॅम देतात, हाडाच्या ऑस्टिओसार्कोमामध्ये १२ ग्रॅमपर्यंत. लघवी आम्लधर्मी असली की हे औषध नलिकांत पिवळ्या स्फटिकांच्या रूपात बसते. लघवीचा सामू ६वरून ७वर नेला तर त्याची विरघळण्याची क्षमता पाच ते आठ पटींनी वाढते. म्हणून आधी सोडाबायकार्ब मिसळलेले सलाईन, मग दर लघवीला पट्टी, आणि पट्टी ७ दाखवेपर्यंत औषधाची बाटली लावायची नाही. जागेची टंचाई, पुढच्या मुलाची वेळ, अशी कारणे पुढे करून हा तास-दोन तास वाचवण्याचा मोह होतो. तो मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

ठरलेल्या तासाला, बहुधा औषध सुरू झाल्यापासून २४ ते ४२ तासांच्या दरम्यान, ल्युकोव्होरिन सुरू होते. निरोगी पेशींना वाचवणारा हा उतारा आहे आणि त्याचा डोस उशिरा देऊन चालत नाही. रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत सलाईन आणि उतारा दोन्ही चालू राहतात. त्या दिवसांत काही ओळखीची औषधे वर्ज्य असतात: आयब्युप्रोफेन, पॅन्टोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी, पिपरॅसिलिनसारखी काही प्रतिजैविके, आणि न्यूमोनिया टाळण्यासाठी ही मुले एरवी घेतात ती कोट्रायमॉक्साझोल. ही सगळी मेथोट्रेक्सेटला शरीरातून बाहेर पडताना अडवतात. लघवी आम्लधर्मी करणारी कोलापेयेही नकोत, मूल कितीही रडले तरी.

पातळी मोजायची सोय भारतातल्या सगळ्या रुग्णालयांत नाही. चंडीगडच्या पीजीआयमधील बालरोगतज्ज्ञांनी सलाईन लांबवून, उताऱ्याचे जादा डोस देऊन आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवून पातळीशिवायही हे औषध सांभाळून देता येते, असे दाखवून दिले. मूत्रपिंड बंद पडून औषध अडकलेच, तर ग्लुकार्पिडेज हे विकर ते रक्तातच तोडते. अमेरिकेत त्याला २०१२मध्ये मान्यता मिळाली. एका मुलामागे त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. सामू मोजायच्या पट्ट्यांची डबी त्यामानाने फुकटच म्हणायची.

सिस्प्लॅटिनने पाण्याचे महत्त्व सर्वांत आधी शिकवले. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग १९६५च्या सुमारास जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंची वाढ थांबली ती विजेने नव्हे, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रवात उतरलेल्या संयुगांनी, हे त्यांच्या ध्यानात आले. औषध जोरकस होते, पण पहिल्या चाचण्यांत रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि ते बाजूला पडायच्या बेतात होते. भरपूर सलाईन आणि मॅनिटॉल देऊन हा विषार आटोक्यात ठेवता येतो, हे १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी दाखवले. १९७८मध्ये औषधाला मान्यता मिळाली. आज मुलांच्या यकृताच्या, हाडाच्या, मेंदूच्या आणि जननपेशींच्या गाठींवर ते दिले जाते.

सिस्प्लॅटिन मिठाच्या सलाईनमधूनच देतात, कारण क्लोराइड भरपूर असले की औषध कमी आक्रमक राहते. मॅग्नेशियम हे त्याचे दुसरे लक्ष्य. नलिका ते धरून ठेवू शकत नाहीत आणि उपचारानंतर महिनोन्‌महिने ते लघवीतून वाहत राहते. हातांना वांब येणे, झटके येणे ही त्याची टोकाची लक्षणे. म्हणून सलाईनमध्येच मॅग्नेशियम घालतात, घरी जाताना गोळ्याही देतात. उलटीवरची चांगली औषधे हाही मूत्रपिंडाचाच बचाव आहे. दिवसभर ओकणारे मूल सुकते आणि सुकलेल्या मूत्रपिंडात सिस्प्लॅटिन साठते. मे महिन्यात सिस्प्लॅटिन घेऊन परळहून अकोला किंवा नांदेडची गाडी पकडणाऱ्या मुलाबाबत हा धोका आणखी वाढतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा सेंट ज्यूड्ससारखी निवासकेंद्रे कुटुंबाला दोन-चार दिवस जास्त थांबू देतात, त्याचा वैद्यकीय उपयोग कुठल्याही औषधाइतकाच आहे.

आयफॉस्फमाइडच्या बाबतीत मात्र पाणी पुरेसे पडत नाही. त्याच्यासोबत मेस्ना हे औषध देतात, त्यामुळे मूत्रपिंडही सुरक्षित आहे असे पालकांना वाटते. मेस्ना वाचवते ते मूत्राशयाला. मूत्रपिंडाला इजा करणारा घटक वेगळा आहे, आणि त्याच्यावर खात्रीचा उतारा अजून सापडलेला नाही. नलिका इतक्या दुखावतात की रक्तातली साखर योग्य असताना लघवीत साखर उतरते, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट वाहून जातात, आणि वाढत्या हाडांना फॉस्फेट न मिळाल्याने मुलाला मुडदूस होतो. स्विस बालरोगतज्ज्ञ गिदो फान्कोनी यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. पाच वर्षांखालील मूल, आधी मिळालेले सिस्प्लॅटिन, एकच मूत्रपिंड आणि एकूण डोस दर चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या पुढे जाणे, या चार गोष्टी एकत्र आल्या की धोका फार वाढतो. बचाव म्हणजे एकूण डोसाचा चोख हिशेब आणि प्रत्येक फेरीआधी लघवीतली साखर व रक्तातले फॉस्फेट पाहणे. उपचार संपून वर्ष उलटल्यावरही हा विकार दिसू शकतो. मूल वाकड्या पायांनी चालू लागले, तर ते ‘अशक्तपणामुळे’ म्हणून सोडून देऊ नये.

केमोशी थेट संबंध नसलेली औषधेही मूत्रपिंडाला तितकीच छळतात. पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येतो, आणि मग अ‍ॅमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, बुरशीसाठी अ‍ॅम्फोटेरिसिन अशी एकावर एक रास चढते. प्रत्येकाचे कारण रास्त असते, त्रास होतो तो बेरजेचा. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाने यावर एक साधी व्यवस्था बसवली. मूत्रपिंडाला घातक अशी तीन औषधे एकाच वेळी चालू असली, किंवा अ‍ॅमिकासिनच्या गटातले औषध तीन दिवस झाले, की फार्मासिस्ट त्या मुलाचे नाव यादीवर घेतो, क्रिएटिनिन रोज तपासले जाते आणि ‘यातले कोणते थांबवता येईल?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलेले दिसले. यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवे औषधही नाही. अ‍ॅमिकासिन दिवसातून एकदाच देणे, अ‍ॅम्फोटेरिसिनचा लायपोसोमल प्रकार वापरणे, त्याआधी सलाईन देणे, हे त्याच रांगेतले उपाय.

घरात ही बेरीज आणखी वाढू शकते. वेदनेसाठी दुकानातून आणलेले आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आवळते आणि सुकलेल्या मुलात ते फार महागात पडते. याच गटातल्या निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११पासून बंदी आहे. ‘शरीरातली उष्णता काढायला’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनोळखी भस्मांत आणि काढ्यांत काय असते हे पुडीवर लिहिलेले नसते. केमो चालू असताना ते देऊ नये. दिले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, ओरडा बसला तरी चालेल. १००.४ अंशांहून जास्त ताप, दोन-तीन उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही किंवा ती चहासारखी गडद, यातले काहीही झाले की रात्र न काढता रुग्णालयात फोन करावा.

मूत्रपिंडातच गाठ असेल तर प्रश्न वेगळा. विल्म्स ट्यूमरमध्ये सहसा एक मूत्रपिंड काढावे लागते. दुसरे हळूहळू मोठे होऊन दोघांचे काम सांभाळते, आणि जन्मजात दोष नसलेल्या मुलांत पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. शंभरात पाच ते सात मुलांना मात्र दोन्ही बाजूंना गाठी असतात. तिथे आधी केमोने गाठ लहान करून, मूत्रपिंडाचा निरोगी भाग जपून तेवढीच गाठ काढतात. ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रातच व्हावी.

उपचारांनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन एवढे तरी पाहावे. मुलाचा रक्तदाब मोजायला लहान पट्टा लागतो, मोठ्या पट्ट्याने तो खोटा कमी येतो. सुट्टी मिळताना औषधांची नावे आणि प्रत्येकाचा एकूण डोस लिहिलेला सारांश मागून घ्यावा आणि त्याची प्रत घरी वेगळी ठेवावी. वीस वर्षांनी त्याच मुलीला गरोदरपणात पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरला ‘लहानपणी कॅन्सर झाला होता’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. कोणते औषध, किती ग्रॅम आणि मूत्रपिंड एक की दोन, हे त्या कागदावरच असते.